पर्चीवर लिहून घेतलेले ‘नाही’

माझा धाकटा भाऊ गेली चौदा वर्षे स्किझोफ्रेनियावरची औषधे घेतो. तो आणि आई इंदूर जिल्ह्यातल्या एका तहसिलीच्या गावी राहतात आणि मी इंदूरला राजेंद्र नगरात. त्याची औषधे गावातल्याच सरकारी स्वास्थ्य केंद्रात मिळावीत एवढ्या एका गोष्टीसाठी ऑगस्ट २०२३ ते मे २०२५ असे एकवीस महिने गेले. या काळात मी तीन कार्यालये, दोन आचारसंहिता आणि एक विधानसभा अधिवेशन पाहिले. मानसिक आजाराच्या रुग्णांच्या नातेवाइकांचा आमचा एक पालक-गट आहे; त्यातल्या दोघा-तिघांनी आता आपापल्या तहसिलीसाठी हेच काम हाती घेतले आहे आणि ‘आधी कुठे गेलात, काय लिहिलेत’ असे ते विचारतात, म्हणून सारे क्रमाने लिहून ठेवते.

तोवर आमची रीत अशी होती. महिन्यातून एकदा भाऊ आणि आई सकाळी साडेसहाची बस धरून इंदूरला येत, तिथून ई-रिक्षाने बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयात जात, रांगेत थांबत, तीस दिवसांच्या गोळ्या घेत आणि दुपारी चारपर्यंत घरी पोचत. भाऊ पिठाच्या गिरणीवर काम करतो, त्यामुळे त्या दिवसाचे तीनशे रुपये बुडत आणि जाण्यायेण्याला दोघांचे मिळून आणखी तीनशे लागत. औषध फुकट मिळे, पण ते आणण्याला सहाशे रुपये पडत. आईला अठ्ठ्याहत्तरावे लागले, तिचे गुडघे बसच्या पायरीवर कुरकुरू लागले, तेव्हा मी गावातल्या केंद्रात चौकशी केली. औषधवाटपाच्या खिडकीतून उत्तर आले, “ये दवा यहाँ नहीं आती.” हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकले की त्याचा सूरही मला पाठ झाला.

मानसिक स्वास्थ्य सेवा कायदा २०१७ सालचा असून तो मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ च्या दहाव्या उपकलमानुसार, शासनाच्या आवश्यक औषधांच्या यादीतली औषधे मानसिक आजाराच्या सर्व रुग्णांना सामुदायिक स्वास्थ्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात सदासर्वकाळ विनामूल्य मिळाली पाहिजेत. यातला ‘सामुदायिक’ हा शब्द नीट वाचावा. प्राथमिक स्वास्थ्य केंद्राला हे उपकलम लागू होत नाही. महाराष्ट्रात ज्याला ग्रामीण रुग्णालय म्हणतात, साधारण त्याच दर्जाचे केंद्र इथे अभिप्रेत आहे. आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी प्राथमिक केंद्राविरुद्ध अर्ज करून चार महिने फुकट घालवले, म्हणून आधी दारावरची पाटी वाचून यावे हे बरे. कायदा केंद्र सरकारचा असला तरी आरोग्य हा राज्याचा विषय आहे. औषधांची यादी, खरेदी आणि वाटप राज्य पाहते, त्यामुळे दिल्लीला पत्रे लिहून उपयोग होत नाही. दार ठोठवायचे ते भोपाळचे, आणि तेही जिल्ह्यावरून जाणाऱ्या वाटेने.

ती वाट कलेक्टर कार्यालयातल्या मंगळवारच्या जनसुनवाईपासून सुरू होते. मी १० ऑक्टोबर २०२३च्या मंगळवारी मोती तबेल्याला गेले, तर आदल्याच दिवशी विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागून जनसुनवाई स्थगित झालेली. वर्तमानपत्र वाचूनही माझ्या डोक्यात हे शिरले नव्हते. परतताना एका फलकावरून कळले की त्या दिवशी जागतिक मानसिक आरोग्य दिन होता.

ते दोन महिने मात्र वाया गेले नाहीत, कारण अर्ज लिहायलाच तेवढे लागले. माझा पहिला मसुदा तीन पानी होता आणि त्यात भावाचे सारे आयुष्य होते. शेजारचे काका कोषालय कार्यालयातून निवृत्त झालेले. त्यांनी तो वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “ताई, हे वाचून साहेबांच्या डोळ्यांत पाणी येईल, पण बाबूला शेरा कुठे मारायचा ते कळणार नाही.” मग त्यांनी एक पान उरवले. त्यात केंद्राचे नाव, औषधांची नावे आणि मात्रा, कायद्याचे कलम, कोणत्या तारखांना औषध मागितले आणि काय उत्तर मिळाले, आणि शेवटी एकच मागणी एवढेच होते. वर मी सवयीने ‘निवेदन’ लिहिले होते, तेही त्यांनी खोडले. आपण मराठीत निवेदन देतो, पण इथल्या कार्यालयात आवक क्रमांक पडतो तो ‘आवेदना’ला.

तारखांवर आम्ही अडलो. औषध मागितले आणि मिळाले नाही याचा पुरावा काय? तोंडी नकाराला तारीख नसते. तेव्हा भावाने कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढून दिला. त्यात बाणगंगेच्या बाह्यरुग्ण विभागाच्या तेवीस पर्च्या होत्या आणि प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने त्या दिवसाचे बसभाडे लिहिलेले होते. मध्य प्रदेशाचे राज्य परिवहन महामंडळ २००५ साली बंद झाले, तेव्हापासून बस खासगी आणि तिकीट मिळाले तर मिळाले, म्हणून तो आपला हिशेब असा ठेवत असे. त्या तेवीस पर्च्यांनी हे सिद्ध झाले की गावात केंद्र असूनही हा माणूस दरमहा इंदूरला येतो. पुढच्या महिन्यापासून आम्ही आधी गावातल्या केंद्राची पर्ची काढायची, औषध मागायचे आणि ‘नाही’ म्हटले की पर्चीवर ‘अनुपलब्ध’ लिहून तारीख आणि सही मागायची असा नेम केला. पहिल्या वेळी खिडकीतल्या माणसाने नकार दिला आणि दुसऱ्या वेळी वाद घातला. तिसऱ्या वेळी वैद्यकीय अधिकाऱ्यांनीच सांगितले तेव्हा त्याने लिहून दिले. सगळ्या धडपडीत सर्वांत अवघड गोष्ट कोणती असे कोणी विचारले, तर मी हीच सांगेन.

दुसरा पेच नावाचा होता. जनसुनवाई भरल्या सभागृहात होते, आपला नंबर लागला की पाठीमागे पन्नास माणसे उभी असतात. भाऊ म्हणाला, “माझं नाव लिही, आजाराचं मोठ्यानं बोलू नकोस.” कायद्याचे कलम २३ रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखते, पण खेड्यातल्या गिरणीवर कलमे चालत नाहीत. आम्ही असे केले की अर्ज माझ्या नावाने, रुग्णाची देखभाल करणारी नातेवाईक म्हणून, दिला. भावाच्या पर्च्यांच्या प्रती बंद लिफाफ्यात जोडल्या आणि अर्जात आजाराऐवजी औषधांची नावे लिहिली. रिस्पेरिडोन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल ही नावे मोठ्याने वाचली तरी गर्दीतल्या कुणाला काही बोध होत नाही. हे सारे भावाला विचारूनच ठरवले. आजारी माणसाच्या हितासाठी त्याच्या माघारी कागद फिरवण्याची आपल्याकडे फार सवय आहे आणि मीही पूर्वी ते केलेले आहे.

निवडणुकीच्या निकालानंतर जनसुनवाई पुन्हा सुरू झाल्यावर १९ डिसेंबरला माझा अर्ज घेतला गेला. दोन तास थांबले आणि बोलायला दीड मिनिट मिळाले. अर्ज ‘आवश्यक कारवाईसाठी’ आरोग्य विभागाकडे गेला आणि तीन आठवड्यांनी फोन आला की औषध जिल्हास्तरावर उपलब्ध आहे. ते तर आम्हाला ठाऊकच होते. जानेवारीत १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे तक्रार एल-१ पासून एल-४ पर्यंत अधिकाऱ्यांच्या पायऱ्या चढत जाते. संबंधित कार्यालयातून एक गृहस्थ रोज सकाळी फोन करून, “मॅडम, संतुष्ट हैं ऐसा बोल दीजिए, ऊपर से दबाव है,” असे विनवत. ते इतके दमलेले वाटत की मला त्यांची दया यायची, तरी मी ‘हो’ म्हटले नाही आणि तुम्हीही औषध हातात पडेपर्यंत म्हणू नये. तक्रार फेब्रुवारीत ‘जिला स्तर पर उपलब्ध’ अशा शेऱ्यानिशी बंद झाली. हा शेरा मात्र लेखी होता आणि त्यात औषध सामुदायिक केंद्रात मिळत नाही हे न सांगता कबूल केलेले होते. मी त्याची छापील प्रत काढून ठेवली.

आता माहितीचा अधिकार. २६ फेब्रुवारी २०२४ला दहा रुपये रोख भरून अर्ज दिला. त्यात प्रश्न विचारला नव्हता. ‘का मिळत नाही’ असे विचारले तर ‘का’ ही माहिती नव्हे असे उत्तर येते, म्हणून नुसते अभिलेख मागितले. दोन वर्षांतली त्या केंद्राची औषध-मागणीपत्रे, साठा-नोंदवहीची पाने आणि मानसिक आजारावरच्या औषधांचे त्या केंद्राकडून आलेले इंडेंट, म्हणजे मागणीच्या नोंदी, एवढेच त्यात होते. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि जनसुनवाई पुन्हा थांबली, पण माहितीच्या अधिकाराची मुदत आचारसंहितेत थांबत नाही, हे लक्षात असू द्यावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तेव्हा १५ एप्रिलला प्रथम अपील केले. मध्य प्रदेशात त्याला पन्नास रुपये शुल्क आहे, केंद्र सरकारच्या कार्यालयांप्रमाणे ते फुकट नाही, आणि शुल्काची पावती जोडली नाही तर अपील तसेच पडून राहते. २४ मे रोजी दोन रुपये पानाप्रमाणे चौतीस पाने मिळाली.

ती चौतीस पाने मी आणि काकांनी गच्चीवर दिवा लावून वाचली. रागाने वाचायला बसलो होतो, त्यामुळे जे सापडले त्याने आधी हिरमोडच झाला. कुणी औषध अडवले नव्हते, कुणी विकून खाल्ले नव्हते. केंद्राच्या मागणीपत्रांत या औषधांच्या ओळीपुढे प्रत्येक तिमाहीत शून्य होते. राज्यात औषधांची मागणी ‘ई-औषधि’ या संगणकीय प्रणालीवरून जाते आणि मागणी ठरते ती मागच्या खपावरून. केंद्रात औषध नाही म्हणून रुग्ण येत नाही, रुग्ण येत नाही म्हणून खप शून्य, खप शून्य म्हणून मागणी शून्य आणि मागणी शून्य म्हणून औषध नाही. आमच्या भावासारखे रुग्ण पहाटेची बस धरून निघून जात आणि त्यांच्या गावाच्या वहीत त्यांची खूणही उरत नसे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झाले आणि मध्य प्रदेश त्यांपैकी एक होता. त्यात निरनिराळ्या मानसिक आजारांमध्ये सत्तर ते ब्याण्णव टक्क्यांपर्यंत माणसे उपचारांविना असल्याचे दिसले होते. तो आकडा मी पूर्वी कुठेतरी वाचला होता, पण असला आकडा कसा तयार होतो ते त्या रात्री वहीच्या एका रकान्यात दिसले.

जूनच्या पहिल्या रविवारी गटाच्या बैठकीत मी ही पाने मांडली. आम्ही अकरा कुटुंबे आहोत आणि चहा-पोह्यांपुरतेच आमचे एकमत असते. एकाचे म्हणणे, वर्तमानपत्रात द्या. एक काकू म्हणाल्या की मुलीचे लग्न ठरेपर्यंत त्यांचे नाव कुठेही यायला नको, आणि त्यात चूक काही नव्हती. आणखी एक जण आईसाठी लिथियम घेतात. त्यांचा प्रश्न वेगळाच होता, की गोळी केंद्रात आली तरी रक्तातल्या लिथियमची पातळी तपासायची सोय तिथे कुठे आहे? त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, अजूनही नाही. शेवटी ठरले की बातमी नको, राज्याच्या आरोग्य विभागाला आणि राज्य मानसिक स्वास्थ्य प्राधिकरणाला एकाच मजकुराचे आवेदन द्यायचे आणि आमदारांमार्फत विधानसभेत प्रश्न विचारायचा. त्या प्राधिकरणावर रुग्णांच्या आणि देखभाल करणाऱ्यांच्या प्रत्येकी दोन प्रतिनिधींची तरतूद कायद्याच्या कलम ४६ मध्ये आहे, म्हणून तिथे आपले म्हणणे समजणारे कुणी असेल अशी आशा होती.

आमदारांना भेटणे वाटले होते तितके कठीण गेले नाही. त्यांच्या सहायकाने मात्र पहिल्याच भेटीत सांगितले की जुलैच्या अधिवेशनासाठी उशीर झाला. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या कितीतरी दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिसूचना निघाली की त्याच आठवड्यात पोचावे. प्रश्नाचा मसुदा आपणच लिहून न्यावा, तोही तहसिलीचे नाव आणि वर्षे घालून, अन्यथा उत्तरही मोघम येते.

दरम्यान २२ ऑगस्टला आम्ही तिघे भोपाळला गेलो. वाटेत सीहोर लागते. २०११ नंतर सीहोर जिल्ह्यात ‘प्राइम’ नावाच्या संशोधन-प्रकल्पात सामुदायिक केंद्रांमध्येच ‘मनकक्ष’ उघडून मानसिक आजारांची सेवा देऊन पाहिली होती, आणि पुढे राज्याने मनकक्षाची ती कल्पना जिल्हा रुग्णालयांत नेली. म्हणजे आम्ही मागत होतो ते आमच्या शेजारच्या टापूत होऊन गेलेले होते. याचा उल्लेख आवेदनात केला आणि त्याचा उपयोग झाला. ‘हे कधी झालेच नाही’ या उत्तराला मग जागा उरत नाही.

कार्यालयात चार तास थांबून अकरा मिनिटांची भेट मिळाली. अधिकारी सौजन्याने वागले. मी कलम १८ म्हणायला सुरुवात केली तर त्यांनी मान डोलावली, कायदा त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. मग त्यांनी विचारले, “उस केंद्र पर महीने की कितनी गोली लगेगी?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. अकरा महिने कायद्याचे कलम ताईतासारखे मिरवत होते आणि गोळ्यांचा आकडा माझ्याकडे नव्हता. परतीच्या गाडीत कुणी फारसे बोलले नाही.

तो आकडा मिळवायला नोव्हेंबर उजाडला. माहितीच्या अधिकाराचा दुसरा अर्ज केला, पण या वेळी नावे नकोत, पत्ते नकोत, केवळ आमच्या तहसिलीतून मागच्या वर्षात उपचारासाठी आलेल्या रुग्णांची संख्या आणि त्यांना दिलेली औषधे एवढेच मागितले. नावे मागितली असती तर नकार मिळाला असता आणि तो योग्यच ठरला असता. उत्तर बावीस दिवसांत आले. संख्या तीन अंकी नव्हती, पण शून्यही नव्हती. काकांनी तिला मात्रेने आणि तीस दिवसांनी गुणून औषधवार गोळ्यांचा तक्ता केला. पुढे जे काही हलले ते या तक्त्याने हलले, असे माझे मत आहे. कायद्यामुळे दार उघडते, पण आत बसलेल्या माणसाला लेखणी उचलायला आकडा लागतो.

१६ ते २० डिसेंबर २०२४ असे विधानसभेचे हिवाळी अधिवेशन झाले. आमचा प्रश्न अतारांकित म्हणून लागला, म्हणजे सभागृहात चर्चा नाही, केवळ छापील उत्तर. त्यातल्या दोन भागांना ‘जानकारी एकत्रित की जा रही है’ हे सुप्रसिद्ध उत्तर मिळाले. तिसऱ्या भागात मात्र लिहिले होते की मागणी प्राप्त झाल्यास औषधे पुरवली जातात. मी ते उत्तर, चौतीस पानांतले शून्याचे पान आणि गोळ्यांचा तक्ता असे तीनच कागद घेऊन जानेवारीत पुन्हा भोपाळला गेले. या वेळी भेट पाच मिनिटांची झाली आणि चहा मिळाला.

मार्च २०२५ मध्ये जिल्ह्याला गेलेल्या पत्राची प्रत आली. केंद्राने या औषधांची मागणी नोंदवावी, तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला प्रशिक्षण द्यावे आणि मनोविकारतज्ज्ञाने ठरवून दिलेले औषध त्याने पुढे चालू ठेवावे, असा त्याचा आशय होता. लिथियमच्या तपासणीबद्दल त्यात काही नाही. आईला पत्र वाचून दाखवले तर ती म्हणाली, “म्हणजे आता बस नाही?” मी म्हटले, तीन महिन्यांतून एकदा, डॉक्टरांना दाखवायला. मधल्या काळात फोनवर बोलायचे असले तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे.

खर्चाचे विचाराल तर शुल्के, झेरॉक्स, स्पीड पोस्ट आणि भोपाळच्या दोन खेपा मिळून साडेचार हजारांच्या आत भागले. माझ्या रजा त्यात धरलेल्या नाहीत.

एप्रिलअखेर रिस्पेरिडोन केंद्रात आले. ट्रायहेक्सिफेनिडिल अजून येत नाही, ते आम्ही बाहेरून विकत घेतो आणि दर वेळी पर्चीवर ‘अनुपलब्ध’ लिहून घेऊन डब्यात टाकतो. मेच्या पहिल्या आठवड्यात भाऊ प्रथमच एकटा सायकलीने केंद्रात गेला. साठ गोळ्यांऐवजी छप्पन्न मिळाल्या, बाकीच्या दुसऱ्या पेटीतून काढाव्या लागतील म्हणून सोमवारी या, असे त्याला सांगण्यात आले. पर्चीच्या मागे ‘४ गोली शेष’ असे लिहून, खाली तारीख घालून घेतल्यावरच तो खिडकीवरून हलला.